पेटीतले दोन दिवे

शाळेपुढे हिरवी गाडी येऊन उभी राहिली तेव्हा फायरमन अंडी उलटत होता.

एकोणीस अंडी होती. प्रत्येकावर एका अंगाला फुली आणि दुसऱ्या अंगाला गोल, पेन्सिलीनं काढलेले. दिवसातून तीनदा अंडं उलटायचं. फुली वर असली की गोल वर आणायचा, गोल असला की फुली. म्हणजे एकही राहून जात नाही. या खुणा त्याच्या बायकोनं अंथरुणावर पडल्या पडल्या केल्या होत्या. हात थरथरत होता, त्यामुळे एकही फुली सरळ नव्हती. ती जाऊन सोळा दिवस झाले होते.

पेटीही तिचीच. गिरणीत नवी मोटार आली होती, तिचं लाकडी खोकं फायरमननं खांद्यावर टाकून घरी आणलं होतं. तिनं त्याला पुढून काच लावून घेतली. आत जाळी, जाळीखाली पाण्याची ताटली आणि वर साठ वॅटचे दोन पिवळे दिवे. कोंबडी खुडूक बसायची वाट न बघता बाई वर्षाला शे-दीडशे पिल्लं काढायची. ऊब मोजायला काही यंत्र नव्हतं. ती अंडं उचलून मिटलेल्या पापणीला लावायची आणि सांगायची, "चढलंय. एक दिवा काढा." नाहीतर, "उतरलंय. झाकण नीट बसवा."

फायरमनलाही आता पापणीच लावावी लागत होती. बोटांचा उपयोग नव्हता. तीस वर्षं गिरणीत फायरमन म्हणून बॉयलरमध्ये कोळसा टाकून बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती. चुलीतला निखारा बोटांनी उचलून तो बिडी पेटवायचा आणि लोक बघत राहायचे. पण अंडं गरम की गार हे त्या बोटांना कळत नव्हतं.

ही एकोणीस अंडी सोडली तर तिच्या कोंबड्यांमधलं काही उरलं नव्हतं. काळ्या मानेच्या, वीस वर्षं निवडून निवडून राखलेल्या कोंबड्या. खुराड्याच्या कडीची खिट्टी केव्हाच हरवली होती. ती रोज दिवेलागणीला बांगडीत अडकवलेली पिन काढून कडीत घालायची आणि सकाळी परत बांगडीत अडकवायची. तिला पोचवून सगळे घरी आले त्या संध्याकाळी कडी कुणी लावली नाही. लावणार कोण? ते काम दुसऱ्या कुणाचं कधी नव्हतंच. सकाळी अंगणभर पिसं होती. कुत्र्यांनी कोंबडा सोडला नाही की एक तलंग सोडली नाही.

फायरमन त्या पिसांमध्ये बराच वेळ उभा राहिला. मग आत गेला, टोपलीतली अंडी मोजली आणि पेटीचे दिवे लावले. त्याला आज पंधरावा दिवस. भिंतीवर खडूच्या पंधरा रेघा होत्या. एकविसाव्या रेघेला पिल्लं.

"आजोबा, गाडी आली! गाडी आली!" नात ओरडत आत शिरली आणि आल्या पावली बाहेर गेली. दहा वर्षांची पोर, एका जागी ठरत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. बाप ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. आई गावाबाहेरच्या शेडमध्ये फळांच्या पेट्या भरायला जायची. राहिली ही पोर आणि फायरमन. आजी होती तोवर पोरीला शेपटासारखं मागं घेऊन फिरायची.

शाळा समोरच, रस्त्यापलीकडे. फायरमन अंगणातल्या दगडावर जाऊन बसला. त्याला तिथून सगळं दिसत होतं.

गाडी मुलांना वीज वाचवायला शिकवायला आली होती, आणि येताना स्वतःचा जनरेटर घेऊन आली होती. गावात दुपारी बारा ते तीन वीज नसते हे कुणीतरी त्यांना आधीच सांगितलं असावं. म्हणजे वीज नसलेल्या गावात, वीज नसलेल्या वेळी, डिझेल जाळून, वीज कशी जपावी याचा सिनेमा दाखवायचा. जनरेटरचा धूर वर्गात जायला लागला तेव्हा हेडमास्तरांनी खिडक्या लावून घेतल्या, आणि वर्गात अंधार झाला म्हणून गाडीतून दोन मोठे झोत आत नेले.

"घ्या," फायरमन स्वतःशी म्हणाला.

सिनेमा संपल्यावर मुलं पटांगणात बसली. हिरवं जाकीट घातलेला एक तरणा माणूस पुढे आला. त्याच्यामागे एक जण फुगवलेल्या दिव्याच्या सोंगात होता. त्याला त्या सोंगातून काही दिसत नव्हतं, त्यामुळे तो दोनदा घंटेच्या खांबावर आपटला. मुलांना सिनेमापेक्षा तेच जास्त आवडलं.

टेबलावर दोन दिवे लावलेले होते. एक पिवळा, एक पांढरा.

"मुलांनो, हा कोण?" जाकीटवाल्यानं पिवळ्याकडे बोट दाखवलं.

"राक्षस!" मुलं ओरडली. त्यांना आधीच पढवलं होतं.

"हा काय खातो?"

"वीज!"

"आणि हा?" पांढरा दिवा. "हा मित्र! हा जुन्यापेक्षा किती पट चांगला?"

"आठपट!"

पुढच्या रांगेतून एक हात दिव्याकडे गेला. भिंगरीच होती ती. तिला कशालाही हात लावून बघायची सवय.

"ए, हात नाही लावायचा!" जाकीटवाला खेकसला. "लांबून बघा. सगळ्यांनी लांबूनच बघायचं."

पोरीनं हात मागे घेतला. फायरमन दगडावरून उठला आणि पेटीतल्या बाटल्या बदलायला आत गेला. वीज बाराला गेली होती, ती अजून यायची होती. बारा ते तीन गोधडी टाकायची, आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवायच्या, हा बायकोचाच शिरस्ता.

संध्याकाळी भिंगरी एक छापील कागद घेऊन आली. आई नुकतीच शेडवरून येऊन पाय पसरून बसली होती. पोरगी कागद घेऊन तिच्यापुढे उभी राहिली.

"मी तपासनीस आहे. खरं खरं सांगायचं. फ्रिजचं दार तुम्ही वारंवार उघडता का?"

"उघडते की," आई म्हणाली. "फ्रिज आला की उघडीन."

"आई, नीट सांग ना गं! थंड हवेचं यंत्र?"

"हे काय, भिंतीला भोकं आहेत तेवढी."

"गिझर?"

"तुझे आजोबा. पहाटे उठून पाणी तापवतात."

फायरमन हसला. सोळा दिवसांत पहिल्यांदा. सुनेनं ते पाहिलं आणि चटकन दुसरीकडे बघितलं.

"गरज नसताना चालू असणारे दिवे?" भिंगरीनं घरभर नजर फिरवली. घरात तीन दिवे, तिन्ही पांढऱ्या बारीक नळ्यांचे. त्यातला एकच लागलेला. मग ती पेटीपाशी गेली. "हे दोन. दिवसरात्र चालू. आजोबा, इथे लाल खूण करावी लागणार."

"तुझ्या साहेबाला लाल खूण कर," फायरमन म्हणाला. "दिवसभर घरघर करून गेला. तुझी आजी दोन शब्द बोलायचे असले तरी आधी दिवा बंद करायची. अंधारात काय बोलता येत नाही का, म्हणायची. भाजी अर्धी शिजली की चूल विझवून भांडं भुशाच्या टोपलीत ठेवायची, उरलेली तिथंच शिजायची. तिला नाही कुणी बिल्ला दिला."

"बिल्ला मिळणारच आहे," भिंगरी म्हणाली. "जो जास्तीत जास्त जुने दिवे आणून देईल त्याला. एका जुन्याला एक नवा, फुकट."

फायरमनचं लक्ष नव्हतं. तो अंडी उलटायला लागला होता. लक्ष असतं तर पुढचं टळलं असतं. पण त्याला तेव्हा दुसऱ्या दिवशीची काळजी होती. दुसऱ्या दिवशी त्याला कचेरीत जाऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं होतं. दरवर्षी दाखवावं लागे, नाहीतर पेन्शन बंद.

"हे बघ," सकाळी निघताना त्यानं पोरीला बजावलं. "मधल्या सुट्टीत घरी यायचं. बारा वाजता बाटल्या, गोधडी. तीनला गोधडी काढायची, अंडी उलटायची. आणि दिवा काही झालं तरी बंद पडता कामा नये. त्या दिव्यावर पिल्लं जगतात. समजलं?"

"गोधडी कशाला टाकतात, आजोबा?"

"सांगितलं तेवढं कर. प्रश्न नकोत."

कचेरीत यंत्रावर अंगठा टेकवायचा होता. फायरमननं टेकवला. यंत्र लाल झालं. पुन्हा टेकवला, पुन्हा लाल. कारकुनानं त्याचा अंगठा धरून स्वतः दाबला, मग आपली बोटं रुमालाला पुसली.

"बाकीची बोटं द्या."

दहाही बोटं झाली. बॉयलरनं एकावरही रेघ ठेवली नव्हती.

"तुम्ही येत नाही, आजोबा," कारकून म्हणाला.

"आलोय की. तुमच्यासमोर उभा आहे."

"यंत्रात येत नाही. डोळ्याचं यंत्र दुरुस्तीला गेलंय. पुढच्या आठवड्यात या." आणि मागच्या माणसाला हाक मारली.

फायरमन पुढच्या आठवड्यापर्यंत जिवंत ठरायचा राहिला आणि मिळेल त्या टेम्पोत मागे बसून घरी आला. पाच वाजले होते. हवेत गारठा उतरायला लागला होता. त्यानं अंगणातूनच पाहिलं, पेटीच्या काचेतून उजेड येत होता. पांढराशुभ्र. चुन्याच्या भिंतीवर ऊन पडल्यासारखा. घर कधी नव्हे इतकं उजळलं होतं.

तो पेटीपाशी गेला. झाकण उघडलं. एक अंडं उचललं आणि पापणीला लावलं.

विहिरीच्या तळातून काढलेल्या गोट्यासारखं होतं.

दुसरं लावलं. तिसरं. मग त्यानं सगळा तळवा पांढऱ्या दिव्याभोवती आवळला. ज्या बोटांना निखारा लागत नाही त्यांना दिवा काय लागणार, म्हणून मग दिवा काढून गालाला लावला. कोमटसुद्धा नव्हता.

"आजोबा!" भिंगरी दारात होती. फ्रॉकवर छातीपाशी गोल हिरवा बिल्ला. "मी पहिली आले! सगळ्या शाळेत! पाच दिवे दिले मी. पेटीतले दोन आणि आजीनं पिठाच्या डब्यात चिंध्यांत गुंडाळून ठेवलेले तीन. आणि बाराला गोधडी टाकली होती, तीनला अंडी उलटली. फुली वर आहे बघा."

फायरमनचा हात वर गेला. त्यानं आयुष्यात या पोरीवर हात उगारला नव्हता. पोरगी हलली नाही. तिला तो हात कशासाठी वर गेला तेच कळलं नव्हतं.

"केव्हा काढलेस दिवे?"

"सकाळी. तुम्ही गेल्यावर." आता तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हीच म्हणालात ना, दिव्यावर पिल्लं जगतात? मग आठपट चांगल्या दिव्यावर आठपट चांगली जगतील. आजीची पिल्लं आहेत म्हणून तर... दोन आजीच्या पिठाच्या डब्यात ठेवलेत, एक माझ्या अभ्यासाला ठेवणार होते. तो पण इथंच लावला. आत तीन आहेत बघा."

त्यानं पाहिलं. खरंच तीन होते.

हात खाली आला. जाकीटवाल्यानं दिव्याला हात लावू दिला असता तर दोन मिनिटांत पोरीला सगळं कळलं असतं. पण जाकीटवाल्याचं सोडा. ज्यानं तीस वर्षं उष्णतेचीच भाकरी खाल्ली त्या माणसाला घरातल्या एका पोरीला हे सांगता आलं नाही की दिवा उजेडासाठी नाही, उबेसाठी आहे. सांगितलं तेवढं कर, म्हणाला. मोठा बॉयलरवाला! अशा माणसाला यंत्रानं नाकारलं यात यंत्राचं काही चुकलं नाही, असं त्याला वाटलं.

"चुलीवर मोठं भांडं चढव," तो म्हणाला. "पाणी भरून. मी आलो."

शाळेच्या पटांगणात जुने दिवे न्यायला आलेली गाडी निघायच्या तयारीत होती. सोंगवाला पायरीवर बसून पायाला मलम चोळत होता. शेजारी लोखंडी पिंप. फायरमननं आत डोकावलं. कमरेइतक्या पिंपात काचेचा चुरा आणि चेपलेली पत्र्याची बुडं.

"राक्षसवध," जाकीटवाला हसून म्हणाला. "प्रत्येक मुलाला एकेक फोडायला दिला. मजा आली त्यांना. तुमची नात पहिली आली बरं का, आजोबा."

"एखादा शिल्लक असेल साहेब? टेबलावरचा तरी. दोन असले तर फार बरं."

"जुना? जुना कशाला?"

"अंडी उबवायला ठेवलीत. ऊब लागते."

"अहो आजोबा, उष्णता म्हणजेच वाया गेलेली वीज! जुना दिवा शंभरातली नव्वद वीज नुसती तापण्यात घालवतो."

"ती नव्वदच हवीय मला. दहा तुम्ही ठेवा."

जाकीटवाल्यानं हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी जमिनीकडे पाहिलं. त्यांची मुलगी दर पावसाळ्याच्या आधी याच पेटीतली पिल्लं घेऊन जायची, त्यांना सगळं माहीत होतं. पण वीजबचत सप्ताह चालू होता आणि शाळेला ढाल मिळायची होती.

"प्रात्यक्षिकाचा दिवा मला देता येत नाही, पुढच्या गावाला लागतो," जाकीटवाला म्हणाला, आणि गाडीतून एक खोकं काढून फायरमनच्या हातात दिलं. "हे घ्या. अजून एक नवा. तुमच्यासाठी खास. नीट समजून घ्या, आजोबा, मुलांकडून शिका. या वयात सवयी बदलायला जड जातं, मला कळतं."

"मी बॉयलरवर होतो, साहेब."

"हो का? छान, छान." आणि गाडी सुरू झाली. निघेपर्यंत दहा मिनिटं ती जागच्या जागी धूर सोडत उभी होती.

दुकानदारानं माळा बघितला, खालची फळी बघितली. "पिवळा आता येतच नाही, फायरमन. माझ्या घरातला होता तो पोरानं आजच शाळेत नेला." गावात अजून कुणाकडे असेल तर तोही त्याच पिंपात गेला होता. एका दिवसात सगळं गाव धुऊन काढलं होतं.

फायरमन घरी आला तेव्हा पाणी उकळलं होतं आणि पोरगी चुलीपुढे रडत रडत जाळ घालत होती. सून शेडवरून आली होती. तिला सगळं कळलं होतं.

"बाबा, आता गेलीच असतील हो ती," सून हळूच म्हणाली. "सात-आठ तास गारठ्यात."

"सोळाव्या दिवसाचं पिल्लू आहे. त्याच्या अंगात स्वतःची थोडी ऊब असते. गेलं असेल तर गेलं असेल. पण बघितल्याशिवाय मी टाकणार नाही."

मग त्यानं पेटीतले पांढरे दिवे काढून कोपऱ्यात भिरकावले आणि बॉयलरवरचं काम सुरू केलं. त्याला तेवढंच येत होतं. सुतारापाशी जाऊन भुशाची दोन पोती आणली. पेटीच्या चारी बाजूंना पोती उभी करून मधल्या फटीत भुसा ठासला. गिरणीत वाफेच्या नळांना असंच गुंडाळायचे, नाहीतर निम्मी वाफ भिंतींनाच जायची. झाकणाच्या कडेला चिंध्या कोंबल्या. तेलाच्या, औषधाच्या, दारूच्या मिळतील तेवढ्या काचेच्या बाटल्या सुनेनं शेजारपाजारहून जमवल्या. उकळतं पाणी भरून, बूच मारून, जुन्या धडप्यात गुंडाळून त्या जाळीवर दोन्हीकडे आडव्या ठेवल्या. आणि पोरीला पुढ्यात घेतलं.

"डोळे मीट."

तिनं मिटले. त्यानं एक अंडं तिच्या पापणीला लावलं.

"कसं आहे?"

"गार. थोडं कमी गार."

"आता गाल लाव बाटलीला. धडप्यावरून. ह्याच्यापासून ऊब निघते आणि अंड्यात शिरते. शिरायला वेळ लागतो, निघून जायला लागत नाही. झाकण उघडलंस की ती पळाली. म्हणून उघडायचं ते पटकन, बंद करायचं ते पटकन. आणि आत बघत बसायचं नाही. पापणीला अंडं गरमही वाटू नये आणि गारही वाटू नये, असं झालं की बरोबर. तुझी आजी असंच बघायची."

"मला आजीनं नाही सांगितलं."

"तिला वाटलं असेल, सांगू पुढे," फायरमन म्हणाला आणि दुसरी बाटली भरायला उठला.

पुढचे दिवस कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. दर दोन तासांनी बाटल्या बदलायच्या. फायरमन झोपायचा तो चुलीला पाठ लावून, बसल्या बसल्या. सुनेनं एक दिवस शेडला दांडी मारली आणि म्हाताऱ्याला जबरदस्तीनं आडवं केलं. "तुम्ही पडलात तर कोण उबवणार तुम्हाला?" म्हणाली. भिंगरीच्या हातावर वाफेचा फोड आला, तिनं कुणाला दाखवला नाही. दोन पिवळे दिवे वाचवले होते त्यापायी परसातली लाकडाची अख्खी रास जळाली. शाळेच्या फलकावर मात्र लिहिलं होतं की गावानं या आठवड्यात अमुक इतकी वीज वाचवली.

अठराव्या दिवशी अंडी उलटणं थांबवायचं असतं. त्या सकाळी फायरमननं पोरीला हाक मारली.

"तुझा तो नवा दिवा आण."

"तो तर तुम्ही फेकून दिलात."

"फेकला असेल, फुटला नाही. आण."

कोठाराची खोली बंद केली, फटींना कापड लावलं. खोक्याला रुपयाएवढं भोक पाडून पांढरा दिवा आत लावला. भोकातून उजेडाचा दांडा बाहेर आला. पिवळ्या दिव्यावर हे काम करताना बायकोची बोटं भाजायची. फायरमननं एक अंडं भोकावर धरलं.

आत काळी गाठ होती. वर हवेचा कप्पा. गाठ हलत नव्हती. त्यानं ते अंडं बाजूला ठेवलं. दुसरं. तेही तसंच. तिसरं धरलं तेव्हा त्याचा श्वास त्यालाच ऐकू येत होता.

"हललं!" भिंगरी म्हणाली.

"गप."

"आजोबा, हललं. चोच असेल. तिथं, कप्प्याच्या काठाला."

त्याच्या म्हाताऱ्या डोळ्यांना सावली दिसली, हललेली दिसली नाही. त्यानं अंडं तिच्या हातात दिलं. "तूच बघ. मला सांग."

एकोणिसातली अकरा हलत होती. आठ गेली होती. ती आठ त्यानं परसात खड्डा करून पुरली. भिंगरीनं मातीवर दगड ठेवला आणि विचारलं, "ही माझ्यामुळे?"

"अर्धी तुझ्यामुळे," फायरमन म्हणाला. खोटं बोलून पोरीची समजूत काढावी हे त्याला कधी जमलं नव्हतं. "अर्धी माझ्यामुळे. प्रश्न विचारला होतास, मी उत्तर दिलं नाही."

मग तिनं विचारलं, "आणि जाकीटवाल्यामुळे?"

"तो मोजण्याच्या लायकीचा नाही."

शनिवारी सप्ताहाचा समारोप. गाडी पुन्हा आली. पहिल्या आलेल्या मुलीच्या घराचा फोटो हवा होता, आदर्श घर म्हणून. जाकीटवाला, फोटोवाला आणि हेडमास्तर चपला न काढताच आत आले. घर पोत्यांनी, बाटल्यांनी आणि धुरानं भरलेलं. फोटोवाल्यानं नाकाला रुमाल लावला.

"नवे दिवे कुठे लावलेत?" जाकीटवाल्यानं विचारलं.

"कोठारात," सून म्हणाली. "अंडी बघायला."

"हे काय आहे मग?" त्यानं पेटीवरची गोधडी ओढली आणि झाकण उचललं. वाकून आत बघायला लागला. "अरे वा, अंडी! ए, इकडे ये, हिचा अंड्यांबरोबर एक फोटो घे. झाकण असंच राहू दे. जरा उजेड—"

भिंगरी पुढे झाली आणि तिनं झाकण त्याच्या हातातून हिसकून खाली आदळलं. त्याची बोटं थोडक्यात वाचली.

"दार वारंवार उघडायचं नाही," ती म्हणाली. "कागदावर आहे तुमच्या. पहिलाच प्रश्न."

मग सुनेला हसू फुटलं, ते तिनं तोंडावर हात ठेवून दाबलं, आणि ते बघून हेडमास्तरही हसले. गेल्या पाच दिवसांत त्यांनी केलेलं तेवढंच एक काम.

जाकीटवाल्याचे कान लाल झाले. "मुलीला जरा वळण लावा, आजोबा."

"लावलंय," फायरमन म्हणाला. "गोधडी उचलून ठेवा जागच्या जागी. आणि जाताना दार लावून घ्या. ऊब जाते."

जाकीटवाल्यानं गोधडी उचलली. ठेवली. दार लावलं.

रविवारी दुपारी अंड्यातून चोचीची टकटक ऐकू आली. भिंगरी पेटीला कान लावून बसली होती. उघडायची नाही असं बंधन तिनं स्वतःवर घातलं होतं, त्यामुळे काचेवर नाक दाबून ती बघत होती. अंडं फुटलं ते नेमकं फुलीवर. वाकड्या पायाची ती फुली दोन तुकडे होऊन बाजूला झाली आणि मधून ओली, काळी मान वर आली. फायरमननं बघितलं आणि तो बाहेर निघून गेला. बराच वेळ परसात होता. सुनेनं पोरीला मागे जाऊ दिलं नाही.

दिवेलागणीपर्यंत नऊ झाली. दोन आतच राहिली.

खुराडं रिकामं होतं. पिल्लं अजून महिनाभर पेटीतच राहणार होती. तरी फायरमननं खुराडं झाडलं, उरलीसुरली पिसं वेचली, दार ओढलं आणि कडी अडकवली. कडीत घालायला काही नव्हतं. तो काडी शोधायला खाली वाकला.

"थांबा," मागून भिंगरी म्हणाली. तिनं फ्रॉकवरचा बिल्ला काढला. हिरव्या पत्र्यावर हसरा दिवा आणि मागे चांगली जाड पिन. तिनं पिन कडीत घातली आणि टोक नीट अडकवलं. हसरा दिवा खाली तोंड करून दाराला लोंबत राहिला.

फायरमननं दार ओढून बघितलं. हललं नाही.

"पक्की आहे," तो म्हणाला. "रोज लावायची. तुझं काम."